पाद्री व्हायच्या आधीच लेफ्टनंट?

नमस्कार मंडळी! सेमिनरी म्हणजे काय, हे वसईकरांना आणि गोवेकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एका ओळीत सांगतो: पाद्री घडवणारी पाठशाळा. आता अशा पाठशाळेत अजून शिकत असलेला पोरगा सुट्टी लागली की लष्करी गणवेश चढवतो आणि त्याला सेकंड लेफ्टनंटचा हुद्दाही असतो. हे अमेरिकेत अगदी रीतसर चालतं. लष्करातल्या धर्मगुरूला तिथे चॅप्लिन म्हणतात, आणि हा आपला विद्यार्थी म्हणजे 'चॅप्लिन कँडिडेट'.

आपल्याकडे असं नाही हं. भारतीय सैन्यातही धर्मगुरू असतात. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू. भरती होते नायब सुभेदार म्हणून, आणि त्यांना तयार करणारी इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशन आहे चक्क आपल्या पुण्यात! पण अर्ज करणारा पाद्री आधीच दीक्षा झालेला लागतो, बिशपच्या यादीत त्याचं नाव लागतं. शिवाय १६०० मीटर ८ मिनिटांत धावून दाखवायचं, तिथे देवाची ओळख चालत नाही. थोडक्यात, आपलं सैन्य भाजलेली भाकरी घेतं. अमेरिकेचं सैन्य पीठ मळतानाच परातीपाशी येऊन बसतं.

का बसतं? कारण तिथे चॅप्लिन व्हायला पदवीनंतर धर्मशास्त्राचं किमान ७२ क्रेडिटचं शिक्षण लागतं. त्यात वर्षं जातात. तेवढ्यात उमेदवाराला सैन्य कळतं, सैन्याला उमेदवार कळतो. शिकत असेपर्यंत त्याला युद्धावर धाडत नाहीत.

आता खरी गंमत ऐका. सैन्य पगार देईल, हुद्दा देईल, पण कोणाला धर्मगुरू ठरवू शकत नाही. सरकारने धर्मात पडायचं नाही, असं त्यांची राज्यघटनाच सांगते. म्हणून उमेदवाराच्या पंथाकडून मान्यतेचं पत्र लागतं. ते पत्र पंथाने पुढे कधी मागे घेतलं, तर चॅप्लिनकी संपली! एका माणसाला दोन मालक, आणि ते एकमेकांना विचारून वागतीलच असं नाही.

मग हिंदूंचं काय? आपल्याकडे ना बिशप, ना एक गादी. पत्र द्यायचं कोणी? मुंबईत जन्मलेल्या कॅप्टन प्रतिमा धर्म २०११ साली अमेरिकी लष्करातल्या पहिल्या हिंदू चॅप्लिन झाल्या, तेव्हा ते पत्र चिन्मय मिशन वेस्ट या हिंदू संस्थेने दिलं. त्याआधी त्या चॅप्लिन होत्याच, पण ख्रिस्ती पंथाच्या मान्यतेवर. मला विचाराल तर, माणूस तोच आणि काम तेच असताना पत्र बदलायला एवढं घडावं लागतं, यातच या पद्धतीचा कस कळतो.

प्रशिक्षण साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला. शिस्त, कवायत, मैदानातलं राहणं, सगळं आहे; बंदूक मात्र नाही. चॅप्लिन शस्त्र धरत नाही. त्याच्याबरोबर एक मदतनीस सैनिक असतो, बंदूक त्याच्याकडे.

सेमिनरीतून आलेल्या पोराला जड जातं ते वेगळंच. आजवर तो आपल्याच पंथाच्या माणसांत वाढलेला. इथे त्याच्या तुकडीत ज्यू आहे, मुसलमान आहे, आणि देवच न मानणाराही आहे. नियम असा, की दुसऱ्याचे विधी तुम्ही स्वतः करायलाच हवेत असं नाही, पण त्याची सोय मात्र तुम्हीच लावायची. म्हणजे कट्टर बॅप्टिस्ट (हा एक ख्रिस्ती पंथ) घरातला मुलगा रमजानमध्ये इफ्तारसाठी मेसवाल्याशी वेळेची घासाघीस करतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

आणि शेवटचं, गुपिताचं. चॅप्लिनला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्या सैनिकाच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही. कमांडरलाही नाही. आता एखादा जवान रात्री येऊन म्हणाला, मला जगायचं नाही, तर? डॉक्टरकडे न्यायचं तर आधी त्यानेच हो म्हणायला हवं. मग चॅप्लिनने काय करायचं? तो हो म्हणेपर्यंत त्याच्या शेजारून उठायचं नाही. पहाट झाली तरी.