पुण्यातली भरती, कोकणातली विहीर

[शेडमधल्या बंदराच्या प्रतिकृतीवर कॅमेरा]

पुण्याला समुद्र नाही, पण खडकवासल्याला भरती येते. १९१६ साली सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधतात, पाणी सोडून भरती-ओहोटी घडवतात. पण किनाऱ्यावरच्या विहिरीत समुद्राचं खारं पाणी कधी शिरेल हे बघायला जमिनीखालच्या पाण्याची अशी प्रतिकृती करायची तर अख्खा डोंगर उचलून आणावा लागेल. म्हणून ते काम संगणकावरच्या मॉडेलमध्ये.

[पडद्यावर चौकोनांची जाळी]

किनाऱ्याची जमीन चौकोनांत कापायची. एका चौकोनातून शेजारच्यात किती पाणी जाईल, याचा नियम फ्रेंच अभियंते डार्सी यांनी १८५६ मध्येच देऊन ठेवलाय. पण समुद्राचं पाणी जड असतं, लिटरमागे साधारण २५ ग्रॅमनं. म्हणून गोडं पाणी त्याच्या वर राहतं. समुद्रसपाटीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी. आता हाच हिशेब उलटा करा. पंपानं पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालून खारं पाणी २० मीटर वर सरकू शकतं. लगेच नाही, महिने, कधी वर्षं जातात. फसगत होते ती इथेच. पाणी मचूळ लागेपर्यंत उपसा जुना झालेला असतो. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, समुद्रात ते १९,००० च्या घरात. १०० लिटरमध्ये २ लिटर समुद्र आला, की मर्यादा ओलांडलीच.

[जांभ्यात खोदलेली विहीर, रहाटाचा आवाज]

हा ४० पटींचा हिशेब वाळूत बरा चालतो. कोकणात वर जांभा, खाली काळा कातळ. जांभ्यातलं पाणी पावसाळा सरला की भराभर निघून जातं. कातळात ते वाहतं भेगांतून. खडक एकसंध धरून काढलेला रंगीत नकाशा दिसतो देखणा, पण एखादी भेग खाडीला जाऊन मिळाली असेल तर सगळं मुसळ केरात. आणि खाडी विसरून कसं चालेल? वाशिष्ठीतून भरतीचं पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढतं. मॉडेलमध्ये समुद्र नुसता किनाऱ्यावर आखला, तर गणित पहिल्याच पायरीला चुकलं.

[खडू फासलेली टेप विहिरीत उतरते, खडू भिजला तिथे बोट]

मॉडेल ताडून बघायला विहिरींचे आकडे लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, मुख्यालय पुण्यातच, निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ४ वेळा मोजते. टंचाईचा अंदाज बांधायला तेवढं पुरतं. किनाऱ्यावर मात्र भरती दिवसातून दोनदा आणि उपसा रोजचा. तिथे पातळी आणि खारेपणा तासातासाला टिपणारी यंत्रं हवीत, तीही वेगवेगळ्या खोलीवर. नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी पैसा इथे घातलेला बरा.

एवढं हाताशी असलं, की मॉडेलला कामाचे प्रश्न विचारता येतात. एक खोल बोअर दिवसभर ओढण्याऐवजी तेवढंच पाणी ४ उथळ विहिरींतून काढलं, तर खारं पाणी किती खाली राहील? आणि मे महिन्यात कुठला पंप सगळ्यात आधी बंद करायचा?