एसएमपीएस 'फट्ट' झाला, तर घर पेटतं का?

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरचं बटण दाबलं, मागून 'फट्ट' आवाज आला, जाळीतून ठिणगी दिसली आणि खोलीभर जळका वास. त्यानंतर घरातल्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: आग लागली असती का? याचं नीट उत्तर द्यायला हवं, कारण आपण घाबरतो त्या आवाजाला आणि खरा धोका टेबलाखाली गुपचूप तापत असतो.

(डबा कॅमेऱ्याजवळ)

हा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग. कॅबिनेटच्या मागे जिथे पॉवर केबल खोचता, तो हा पत्र्याचा डबा. बंद पडलेला आहे, झाकण मी आधीच काढून ठेवलंय. तुम्ही घरी काढू नका. भिंतीतून येते ती २३० व्होल्टची एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज. आत आल्याबरोबर तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज होते आणि व्होल्टेज जातं सव्वातीनशेच्या आसपास. ते साठवतो हा जाडजूड काळा कपॅसिटर. प्लग काढल्यावरही तो चार्ज राहू शकतो, आणि तो झटका जिवावर बेतू शकतो.

आता हे छोटे कपॅसिटर बघा. डोक्यावर फुलीसारखी खाच आहे. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. या दोघांचं फुगलंय, आणि या एकाच्या खाचेतून तपकिरी काहीतरी बाहेर येऊन वाळलंय. ते आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे कपॅसिटरमधलं ओलं रसायन. उष्णतेने ते सुकतं. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की या कपॅसिटरचं आयुष्य निम्म्यावर येतं. पंखा धुळीने जाम, कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं, वर एप्रिल-मे. मग बाकीच्या पार्टांवर ताण येतो आणि एक दिवस आतला मॉसफेट, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणारा पार्ट, शॉर्ट होतो. तोच तो 'फट्ट'.

पाठोपाठ फ्यूज उडतो. ही त्याची काचेची नळी, आतून काळीकुट्ट झालीये. तार इतक्या झटक्यात गेली की तिची वाफ काचेला चिकटली. फ्यूज गेला की वीज तुटली. सर्किट बोर्ड सहजी पेट न घेणाऱ्या मटेरियलचा, भोवती पत्रा. म्हणून बऱ्यापैकी दर्जाचा एसएमपीएस मरतो तेव्हा धूर आणि वास येतो आणि बहुधा गोष्ट तिथेच थांबते.

आता 'बऱ्यापैकी दर्जाचा' म्हणजे काय? कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसचं लेबल वाचा. वर ठळक अक्षरात ४५० वॅट. पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात लिहिलेलं असतं १६ ॲम्पिअर. बारा सोळे १९२ वॅट! आजच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणजे तुमचा खरा एसएमपीएस दोनशेचाही नाही. अशा डब्यांत बऱ्याचदा फिल्टरच्या कॉइलच्या जागी नुसत्या तारा जोडलेल्या असतात, सर्जपासून, म्हणजे व्होल्टेज अचानक उसळण्यापासून वाचवणाऱ्या पार्टची जागा रिकामी असते. ८० प्लसचा शिक्का पण सुरक्षिततेचा समजू नका, तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो.

महाग घेतलं की सुटलो, असंही नाही. २०२१ मध्ये गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे एसएमपीएस टेस्टिंगमध्ये उडाले आणि बराच गाजावाजा झाला. जास्त लोड आला की एसएमपीएसने स्वतःहून बंद व्हायचं असतं. यांच्यात ती मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवर ठेवलेली होती. कंपनीने ती ११० ते १२० वर आणली आणि ठरावीक सिरियल नंबरचे एसएमपीएस बदलून द्यायची तयारी दाखवली.

आता गुपचूप तापणारी गोष्ट. हा कन्व्हर्टर बघा, मोलेक्स नावाच्या जुन्या चार पिनच्या कनेक्टरमधून साटा, म्हणजे नव्या चपट्या कनेक्टरच्या हार्ड डिस्कला वीज देणारा. दुकानात किरकोळीत मिळतो. स्वस्तातल्या प्रकारात वायरींवर गरम प्लॅस्टिक ओतून कनेक्टर बनवतात. ओतताना आतल्या वायरी सरकतात, १२ व्होल्टची आणि ग्राउंडची, म्हणजे परतीची वायर एकमेकींना जवळजवळ चिकटतात. काही महिन्यांनी मधलं प्लॅस्टिक काळं पडून कोळसा होतं आणि त्यातून करंट वाहायला लागतो. एसएमपीएस त्यावर काय करतो? काहीच नाही! तो १२ व्होल्टवर चाळीस-पन्नास ॲम्पिअर द्यायला बनलेला. कोपऱ्यात आठ ॲम्पिअर जास्त गेले, तर त्याच्या लेखी ग्राफिक्स कार्ड काम करतंय. पण आठ गुणिले बारा म्हणजे ९६ वॅट, आणि ते एवढ्याशा प्लॅस्टिकमध्ये. फ्यूज शाबूत, एमसीबी शाबूत, आणि कनेक्टर पेटलेला. म्हणून कनेक्टर पाठीमागून बघून घ्या. प्रत्येक वायर आपापल्या खाचेत गेलेली दिसली तर ठीक. सगळं एकसंध प्लॅस्टिक असेल तर आजच काढा आणि एसएमपीएसची स्वतःची साटा केबल वापरा. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा एसएमपीएस असेल, तर एका कंपनीची केबल दुसऱ्याला लावू नका. खाच बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते.

तसंच एक्स्टेंशन बोर्डाचं. बोर्डाचा प्लग ज्या सॉकेटमध्ये खोचलाय ते सैल झालंय आणि तिथे समजा ०.२ ओहम रोध आहे. एकटा कॉम्प्युटर फार तर दोन-तीन ॲम्पिअर घेतो, तोवर चालून जातं. त्याच बोर्डावर इस्त्री आणि हीटर लावून दहा ॲम्पिअर खेचले, की त्या एका टोकावर २० वॅट उष्णता. डाग द्यायचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून समजा. आणि हा बोर्ड कुठे असतो, तर पडद्यामागे, धुळीत, पायपुसण्यावर.

आपल्याकडची आणखी एक भानगड म्हणजे न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार तुटणं. पावसावाऱ्यात खांबावरचा न्यूट्रल सुटला की काही घरांत २३० च्या जागी चारशेच्या जवळपास व्होल्टेज येतं. चारशेची डीसी झाली की साडेपाचशेच्या वर, आणि आतला कपॅसिटर असतो चारशे-साडेचारशेचा. बल्ब एकदम लख्ख झाले, पंखे सुसाट सुटले, की काहीही न बघता मेन स्विच पाडा आणि १९१२ वर तक्रार करा.

एसएमपीएस जाण्याआधी बहुधा सांगतो. गेम चालू असताना मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. पंखा घरघरतो किंवा फिरतच नाही. जळक्या प्लॅस्टिकचा, कधी मासळीसारखा वास येतो. मग 'बघू पुढच्या महिन्यात' करू नका.

आणि धूर निघालाच तर भिंतीवरचा स्विच बंद करा. पण मध्ये यूपीएस असेल, तर स्विच बंद केल्यावरही तो टूं-टूं करत बॅटरीवरून वीज देतच राहतो! यूपीएसचं बटण दाबून तोही बंद करायचा. घरातल्या सगळ्यांना हे बटण दाखवून ठेवा, कळकळीची विनंती आहे. पाणी अजिबात टाकायचं नाही. ज्वाळा छोट्या असतील तर आग विझवायचा एबीसी पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, तोही पाठीशी दार ठेवून. खोलीत काळा धूर भरायला लागला, की कॉम्प्युटर गेला खड्ड्यात. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ लावा.

उडालेल्या एसएमपीएसचा फ्यूज बदलून देतो असं कोणी म्हणालं, तर नको म्हणा. फ्यूज का गेला ते न शोधता नवा टाकला तर तोही उडतो, आणि मग काही जण फ्यूजच्या जागी सरळ तार जोडून देतात. आता आगीला अडवणारं काही राहिलंच नाही. तो डबा ई-कचऱ्यात द्या, आणि नवीन घेताना दुकानदाराला वॅट विचारू नका, लेबल दाखवा म्हणा.