रानमेंढ्याची चिठ्ठी

ही शिंगं जरा जवळून बघा. मुळाशी पोटरीएवढी जाड, गालाला वळसा घालून पुन्हा वर आलेली. त्यांवरची खोल वळी मोजली की मेंढ्याचं वय कळतं. दर हिवाळ्यात शिंगाची वाढ थांबते आणि एक वळं उमटतं. मोठ्या नराच्या डोक्यावर असं बारा-चौदा किलोंचं ओझं असतं.

हा बिगहॉर्न, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला रानमेंढा. तिथे त्याची शिकार कायदेशीर आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार म्हणजे गुन्हा. त्यामुळे हे ऐकताना मनात अढी बसते. माझ्याही बसली होती.

परवाना मिळतो सोडतीतून. दरवर्षी अर्ज भरायचा, नाव नाही लागलं तर एक बोनस गुण विकत घेता येतो. सोडतीच्या वेळी गुणांच्या संख्येला त्याच संख्येनं गुणतात, म्हणजे दहा गुणांना शंभर संधी. तरीही नावाजलेल्या विभागांत अर्ज हजारोंनी आणि परवाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विशीत पहिला अर्ज भरलेली माणसं केस पिकले तरी निकालाची वाट बघतात. एक परवाना लिलावात जातो. २०१३ साली त्याला ४,८०,००० डॉलर मिळाले. हा पैसा मेंढ्यांच्याच कामी येतो, हे खरं. तरी रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्याला काय वाटत असेल, हे मनातून जात नाही.

सोडतीशिवाय परवाना देणारे काही विभागही आहेत, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेच्या उंच, दुर्गम डोंगरांत. तिथे परवाना कुणालाही मिळतो, मेंढे मात्र विभागात मोजकेच मारायचे. तेवढे झाले की शिकार बंद. दुर्बिणीतून नर दिसला तरी घाई चालत नाही. शिंगाच्या मुळापासून डोळ्याच्या पुढच्या कडेवरून एक सरळ रेघ मनात ओढायची. शिंगाचं टोक त्या रेघेला टेकत नसेल तर बंदूक खाली.

एवढी काटकसर का, याचं उत्तर मेंढ्याच्या फुप्फुसात आहे. पाळीव मेंढ्यांच्या नाकात राहणारा एक जिवाणू, मायकोप्लाझ्मा ओव्हिन्युमोनिए, त्यांना फारसा त्रास देत नाही. रानमेंढा कळपाजवळ येतो, नाकाला नाक लावून हुंगतो आणि खोकला घेऊन आपल्या डोंगरावर परततो. मग न्यूमोनिया पसरतो. २००९-१० च्या हिवाळ्यात मोंटानातले कितीतरी कळप यात सापडले. मोठे मरतात ते एकदा. पण वाचलेल्या माद्या जिवाणू बाळगून असतात आणि पुढे अनेक वर्षं त्यांची कोकरं उन्हाळ्यातच दगावतात. कोकरं जगली नाहीत तर नर कुठून येणार, आणि परवाने कशाचे काढणार?

मोंटानातल्याच टेन्डॉय डोंगरातला कळप असाच पुन्हा पुन्हा आजारी पडत होता. शेवटी २०१५ मध्ये राज्यानं तिथली शिकार सगळ्यांना खुली केली. ज्या परवान्यासाठी लोक आयुष्य घालवतात तो तिथे मागेल त्याला मिळाला, कारण तो कळप संपवायचाच होता. हे वाचलं त्या दिवशी मी पुढचं काही लिहू शकले नाही.

डोंगर रिकामा झाल्यावर तिथे नवे मेंढे आणले त्याच राज्यातल्या फ्लॅटहेड सरोवरातल्या वाइल्ड हॉर्स बेटावरून. या बेटावर तेव्हा शिकारीला बंदी होती. आजवर मोजलेली बिगहॉर्नची सगळ्यात मोठी शिंगं २०१६ साली इथेच सापडली, आपल्या मरणानं मेलेल्या एका नराची.