बडोद्यानं उसनं घेतलं, ते असं

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीनं विषय दिला, 'आपली नावं, आपले शब्द, आपल्या कल्पना येतात कुठून?' मी बडोद्याची, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच देणार. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींनी नंतर आपली भर जरूर घालावी, त्यांच्याकडेही हा खजिना मोठा आहे.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. परदेशात आल्यावर आपल्याला 'हे मूळचं आपलंच' असं म्हणायची फार ओढ लागते. शब्द आपल्याकडून गेला, पदार्थ आपला, शोध आपला. ही ओढ मी समजू शकते. पण मुलांना अशी अर्धी माहिती दिली, की ती मोठी झाल्यावर खरं शोधून काढतात आणि मग आपल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडतो. म्हणून कोणती गोष्ट कुणाकडून घेतली, हे स्वच्छ सांगायची सवय आपण लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. बडोद्याला ही सवय होती.

सुरुवात गावाच्या नावापासून करू. गुजराती लोक वडोदरा म्हणतात, आपण मराठी माणसं बडोदं म्हणतो, इंग्रजांनी बरोडा केलं. १९७४ साली सरकारदरबारी वडोदरा हे नाव परत आलं. बँक आणि विद्यापीठ मात्र जुन्याच नावावर राहिली. आम्हाला लहानपणी सांगायचे, 'वटोदर' म्हणजे वडाच्या उदरात वसलेलं गाव. ऐकायला छान वाटतं. पण राष्ट्रकूट राजा कर्क सुवर्णवर्ष याचा ८१२ सालचा ताम्रपट आहे. त्यात भानू नावाच्या ब्राह्मणाला एक गाव दान दिलंय आणि त्या गावाचं नाव आहे 'वडपद्रक'. पद्र म्हणजे गाव, गावठाण. गुजरातीत आजही वेशीजवळच्या मोकळ्या जागेला पादर म्हणतात. तेव्हा वडाजवळची वस्ती एवढाच साधा अर्थ, उदराचा त्यात काही संबंध नाही. त्याच ताम्रपटात हे गाव 'अंकोट्टक' नावाच्या चौऱ्याऐंशी गावांच्या विभागातलं म्हटलंय. अंकोट्टक म्हणजे आजचं अकोटा. त्या काळी मोठं ठिकाण अकोटा होतं आणि बडोदं त्याच्या पदरचं खेडं. आज अकोटा हा बडोद्याचा एक भाग झालाय.

वटोदराची गोष्ट मी मुलांना आजही सांगते. फक्त 'ही गोष्ट आहे' असं म्हणून सांगते आणि ताम्रपटाचं सांगताना 'हा पुरावा आहे' असं म्हणते. बडोद्याच्या राजघराण्याच्या गायकवाड आडनावाचंही तसंच. कसायाकडे चाललेल्या गाई मावळातल्या किल्लेदारानं किल्ल्याच्या कवाडातून आत घेऊन वाचवल्या, म्हणून 'गाय-कवाड', ही त्या घराण्यात सांगत आलेली कथा. तिला कथेचा मान द्यावा. तो मान काही कमी नाही.

याच घराण्याचा किताब बघा, सेनाखासखेल समशेर बहादूर. 'सेना' संस्कृत, 'खासखेल' आणि 'समशेर बहादूर' अरबी-फारसीकडचं. समशेर बहादूर हा किताब पहिल्या दमाजींना १७२० च्या बाळापूरच्या लढाईतल्या पराक्रमाबद्दल मिळाला. तो धारण करणारं घराणं दावडीचं, पुणे जिल्ह्यातलं, आणि राज्य केलं गुजरातेत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरांच्या पाट्या वाचत गेलं तर हेच दिसतं. फडणीस, चिटणीस, पारसनीस या सगळ्यांतलं 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. मुजुमदार हे जमाखर्चाच्या 'मजमू'वरून आलेलं. पाट्या मराठी, माणसं मराठी, हुद्दे फारसी.

शिवाजीमहाराजांनी राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, साधारण १६७७ चा सुमार. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. यातले काही रुजले, काही नाही. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना ते पद मिळालं तेव्हा लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. आणि स्वातंत्र्यानंतर देशाच्या सरकारच्या प्रमुखासाठी शब्द हवा होता तेव्हा मराठीनं शिवकाळातला 'पंतप्रधान' पुन्हा उचलला. हिंदीत प्रधानमंत्री, गुजरातीत वडा प्रधान, आपल्याकडे पंतप्रधान. शब्द असे दोनअडीचशे वर्षं वाट बघू शकतात.

आता बडोद्यानं काय केलं ते सांगते. राज्यव्यवहारकोशानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, १९३१ साली, सयाजीराव महाराजांच्या सरकारनं 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश छापला. त्यात आठ भाषा आहेत. एका इंग्रजी शब्दासाठी गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली शब्द शेजारी शेजारी. शिवकाळात फारसीचं जू मानेवरून उतरवायचं होतं, तेव्हा तो निर्णय योग्यच होता. सयाजीरावांच्या वेळी प्रश्न वेगळा होता. प्रजा गुजराती, राजघराणं आणि बरेच कारकून मराठी, जुनी दप्तरं फारसी शब्दांनी भरलेली, वरून इंग्रजी कायदे. अशा वेळी कुणालाही ओळीबाहेर न काढता सगळ्यांना एका ओळीत बसवलं. कुठला शब्द कुठल्या घरचा हे पान उघडताच दिसतं. मला त्या कोशाचं सगळ्यात मोठं मोल यातच वाटतं.

या गावात १८९४ साली माधव त्र्यंबक पटवर्धन जन्मले, म्हणजे आपले माधव जूलियन. त्यांनी गझल आणि रुबाई मराठीत आणली, १९२५ साली फारसी-मराठी कोश केला, आणि पुढे भाषाशुद्धीची बाजू हिरीरीनं मांडली. काहींना यात विसंगती वाटते. मला वाटत नाही. एखादा शब्द ठेवावा की काढावा हे ठरवायला तो आला कुठून हे आधी ठाऊक हवं, आणि ते त्यांच्याइतकं ठाऊक असणारी माणसं तेव्हा थोडीच होती.

आता मी ज्याच्यासाठी खरं तर उभी राहिले, त्याकडे येते.

पाटण तेव्हा बडोदे संस्थानात होतं. तिथल्या जैन भांडारांतली हस्तलिखितं पाहण्याचं काम सरकारनं चिमणलाल दलाल यांच्याकडे दिलं, आणि त्यातून 'गायकवाड ओरिएंटल सीरिज' ही ग्रंथमाला उभी राहिली. तिचं पहिलं पुस्तक १९१६ साली निघालं, राजशेखराची 'काव्यमीमांसा'. हा राजशेखर साधारण अकराशे वर्षांपूर्वीचा, कनौजच्या प्रतिहार राजांच्या दरबारातला कवी. पण घराणं 'यायावर' नावाचं, आणि त्याच्या पणजोबांना 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणत. म्हणजे घरापासून लांब जाऊन नाव काढलेला आपल्याकडचाच माणूस. तुम्हा आम्हाला तो जवळचा वाटायला हरकत नाही.

या ग्रंथात त्यानं तीन अध्याय फक्त 'हरण' या विषयाला दिलेत. दुसऱ्या कवीचे शब्द घेणं म्हणजे शब्दहरण, आणि आशय घेणं म्हणजे अर्थहरण. आशय घेण्याचे तो चार प्रकार सांगतो. पहिला प्रतिबिंबकल्प: अर्थ सगळा तोच, नुसती शब्दरचना बदललेली. हा टाकाऊ, असं तो स्पष्ट म्हणतो. दुसरा आलेख्यप्रख्य: थोडे संस्कार करून वस्तू वेगळी भासवलेली, जसं माणसाचं चित्र. तिसरा तुल्यदेहितुल्य: विषय निराळा, पण साम्य इतकं की दोन्ही एकच वाटावेत. आणि चौथा परपुरप्रवेश: गाभा एक, पण बाकी बांधणी पूर्णपणे नवी.

यातले पहिले तीन प्रकार राजशेखराच्या आधी काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' या ग्रंथात मांडलेले होते. राजशेखरानं त्यांत चौथ्याची भर घातली. उसनं कसं घ्यावं हे सांगणारा विचारही असा आधीच्यावर उभा राहिलेला आहे, आणि भर पडल्यामुळे तो पुढे गेला.

राजशेखराची पत्नी अवंतिसुंदरी. चाहमान कुळातली, स्वतः विदुषी. ग्रंथात तिची मतं तिच्या नावानिशी येतात, 'असं अवंतिसुंदरी म्हणते' अशी. शब्दहरणाबद्दल जुन्या आचार्यांचं मत राजशेखर आधी देतो: इतर चोऱ्या काळाबरोबर विसरल्या जातात, शब्दांची चोरी मुलानातवंडांपर्यंत पुसली जात नाही. मग अवंतिसुंदरीचं उत्तर. ती म्हणते, घ्यायला कारणं असतात. तो कवी अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे. त्याचं बोलणं गुळवेलीसारखं, माझं द्राक्षासारखं. ती रचना जाणणारे आता उरले नाहीत. तिचा कर्ता दूर देशी आहे.

गुळवेल आणि द्राक्षाचं मला पटतं. कडू झालेली गोष्ट कुणी गोड करून दिली तर त्यात वाचकाचा लाभ आहे. पण जाणणारे उरले नाहीत म्हणून घ्यावं, कर्ता दूर देशी आहे म्हणून घ्यावं, हे मला मान्य नाही. आपण स्वतःच दूर देशी आहोत. आपलं काही कुणी असं घेतलं तर आपल्याला लागेल. मतभेद असला तरी एका गोष्टीसाठी मी राजशेखराला हात जोडते. अकराशे वर्षांपूर्वी एका ग्रंथकारानं बायकोचं मत बायकोच्या नावावर नोंदलं. ते स्वतःचं म्हणून लिहिलं असतं तर आज कुणाला कळलं असतं?

परपुरप्रवेशाचं उत्तम उदाहरण मला बडोद्यातच दिसतं, ग्रंथालयांचं. सयाजीराव १९०६ साली अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली, आणि १९१० साली न्यू हेवनच्या विल्यम बॉर्डेन या ग्रंथपालांना बडोद्यात आणलं. बॉर्डेननी पुस्तकांच्या वर्गीकरणाची जी पद्धत तयार केली ती ड्यूई आणि कटर या दोन अमेरिकनांच्या पद्धतींचा मेळ घालून. म्हणजे तीही उसनी, आणि तसं उघड सांगितलेली. १९११ साली त्यांनी ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केला, भारतातला पहिला. ते परत गेल्यावर काम जनार्दन कुडाळकरांनी चालवलं. इथं गाभा अमेरिकेचा, पण बांधणी बघा. पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून गावोगाव पाठवायची. पेटी एका गावात वाचून झाली की परत यायची आणि दुसरी जायची. मोतीभाई अमिनांनी आधीच खेड्यापाड्यांत मित्रमंडळांची वाचनालयं उभी केली होती, त्यांना या पेट्या मिळाल्या. हे सगळं उभं राहू शकलं, कारण सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सुरू केलं होतं आणि १९०६ पासून संस्थानभर नेलं. पेटी उघडल्यावर वाचणारं कुणीतरी गावात होतं. पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्यात भरणाऱ्या केंद्रीय कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा दाखला बडोद्याचा दिला. घेणारं गाव देणारंही झालं.

दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नावही इथं घ्यायलाच हवं. त्याला देशभर कीर्ती मिळवून दिली राजरत्न माणिकरावांनी. सगळा गाव त्यांना ओळखायचा. त्यांनी संस्थेला स्वतःचं नाव दिलं असतं तर कुणी ब्र काढला नसता. दारावर नाव राहिलं त्यांच्या उस्तादांचं, जुम्मादादांचं.

आता मंडळाच्या मराठी शाळेसाठी एक काम सुचवते, आणि कार्यकारिणीनं त्याला होकार दिलाय. प्रत्येक मुलानं आपल्या आडनावाचा एक कागद करायचा. एका बाजूला घरी जे सांगतात ते, आजीच्या शब्दांत, काहीही न गाळता. दुसऱ्या बाजूला कागदोपत्री जे सापडतं ते: सनद, जुनी लग्नपत्रिका, सातबारा, शाळेचा दाखला, काहीही. खाली, ही माहिती कुणी दिली त्याचं नाव. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर खोडायचं काही नाही, दोन्ही तशाच ठेवायच्या. जिथं दुसरी बाजू कोरी राहील तिथं ती कोरीच दिसू द्यावी. गुगलवरून भरू नये, ही पालकांना विशेष विनंती.

बऱ्याच घरांतले जुने कागद मोडी लिपीत आहेत हे मला माहीत आहे. त्यांचे फोटो नीट उजेडात, कागद सपाट ठेवून काढा आणि शाळेच्या इमेलवर पाठवा. इथं मोडी वाचता येणारं कुणी असेल तर चहाच्या वेळी मला भेटा. आपल्याला निदान दोघं-तिघं तरी लागतील.