चुना लावला की कळतं

[दृश्य: पहाट. सांगली जिल्ह्यातलं एक रान. कुकरच्या टाकीचं झाकण उघडतं, वाफ.]

हळद शिजतानाची ही वाफ नाकाला आधी कळते. थोडी मातीची, थोडी आल्यासारखी. हळद आल्याच्याच कुळातली. तिचा हा वास आणि तिचा रंग मात्र दोन वेगळ्या द्रव्यांचे आहेत. वास उडून जाणाऱ्या तेलांचा, तो वाफेबरोबर थोडा जातोच. रंग मागे राहतो. आपल्याला या रंगाच्या मागे जायचंय.

[दृश्य: काढणी. कुदळ, निघणारे गड्डे, बसून मोडणी करणाऱ्या बायका.]

अक्षय्यतृतीयेच्या आसपास लावलेली हळद आठ-नऊ महिने जमिनीत वाढली. पाला आधीच कापून नेलाय. आता जेठे गड्डे, म्हणजे मधले मुख्य गड्डे, एका ढिगात, हळकुंडं दुसऱ्या ढिगात. जेठ्यांतलं चांगलं बेणं पुढच्या सालासाठी बाजूला निघतं. मोडणी करणाऱ्या या बायकांच्या बोटांकडे बघा. हंगाम संपला तरी नखांतला पिवळेपणा जात नाही.

[दृश्य: काहिलीचा जुना फोटो, मग कुकर. हळकुंडात काडी टोचून पाहणारा हात.]

पूर्वी हळद काहिलीत शिजायची, खाली पाचटाचा जाळ. आता वाफेचा कुकर आलाय, वेळ आणि जळण दोन्ही वाचतं. पण शिजवायची तरी कशाला? ओल्या हळकुंडात स्टार्च भरपूर असतो. उष्णतेनं तो फुगतो, चिकट होतो आणि रंग सगळ्या गाभ्यात सारखा पसरतो. कोंब फुटायचा थांबतो, वाळवणही लवकर होतं. काडी आत सहज गेली की घाणा उतरवायचा. कमी शिजली तर आतून फिकी, जास्त शिजली तर रंग बिघडला. हा अंदाज अजून हातालाच आहे, कुकरला घड्याळ असलं तरी.

मग पंधराएक दिवस ऊन. वाळलेलं हळकुंड मोडलं की कट्ट आवाज येतो. शेवटी पॉलिशचा ड्रम.

[दृश्य: ड्रम फिरतोय, पिवळी धूळ. मजुरांच्या तोंडाला रुमाल.]

साल घासली जाते, चकाकी येते, आणि सौद्यात भाव बऱ्याच अंशी या चकाकीवर ठरतो. आतला रंग तपासायला वेळ कुणाला असतो?

[दृश्य: हरिपूर. पेवाचं तोंड, आत सोडलेला दोर.]

सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. इथली पेवं म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, दोन पुरुषांहूनही खोल. तोंड बंद केलं की आतला ऑक्सिजन संपत जातो आणि किडीला जगायला काही उरत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. अंधार आणि कोरडी हवा, हळदीच्या रंगाला याहून चांगली जागा नाही. २००५च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. आता बहुतेक माल गोदामांत आणि शीतगृहांत जातो.

[दृश्य: शाळेची प्रयोगशाळा. परीक्षानळीत हळद आणि स्पिरिट.]

आता रंगाकडे. शंभर ग्रॅम सुक्या हळदीत तो साधारण दोन ते पाच ग्रॅम. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीत सहाच्याही वर जातो. नाव करक्युमिन. १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए या रसायनशास्त्रज्ञांनी तो पहिल्यांदा वेगळा काढला. हाच पेल्तिए पुढे मलेरियावरच्या क्विनाइनसाठी गाजला. रेणूची रचना कळायला १९१० साल उजाडलं.

एकवीस कार्बन, वीस हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. दोन टोकांना एकेक कडं आणि मधे सात कार्बनची साखळी. साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका जागी अडकून न राहता या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले असतात. ते प्रकाशातला जांभळा-निळा भाग शोषून घेतात. उरतो तो पिवळा.

[दृश्य: खोली अंधारी. नोटा तपासायचा अतिनील दिवा नळीवर. हिरवट-पिवळी चमक.]

ही चमक कॅमेऱ्यानं वाढवलेली नाही. करक्युमिन अतिनील किरण घेतं आणि दिसणारा प्रकाश परत देतं.

[दृश्य: पांढरा सदरा, आमटीचा डाग, साबण.]

हा प्रयोग घरोघरी होतो, फक्त त्याला प्रयोग म्हणत नाहीत. डागाला साबण लावला की लाल. साबण अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असतो, तो रेणूच्या टोकाचा हायड्रोजन काढून घेतो. इलेक्ट्रॉन आणखी मोकळे होतात, आता हिरवा भागही शोषला जातो आणि डोळ्याला लालसर दिसतं. पाण्यानं खळबळला की पुन्हा पिवळा. उन्हात टाकला की रेणूच तुटतो आणि डाग गेला.

[दृश्य: एक आजी. परातीत हळद, लिंबू, टाकणखार.]

या आजी कुंकू घरी करतात. हळद, लिंबाचा रस, टाकणखार म्हणजे बोरॅक्स, थोडी तुरटी. प्रमाण विचारलं तर त्या हात दाखवतात. टाकणखारात बोरॉन असतो. आंबट रसाच्या सोबतीनं तो करक्युमिनशी बांधला जातो आणि लाल संयुग तयार होतं. हीच युक्ती उलटी वापरून रसायनशास्त्रज्ञ हळदीत भिजवलेल्या कागदानं बोरॉन ओळखत आले.

[दृश्य: कढई, तेल, मोहरी, मग हळद.]

करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. फोडणीत हळद पडते ती जागा बरोबर आहे. औषधी गुणांबद्दल थोडक्यात: पोटातून रक्तात ते फार कमी जातं, मिऱ्यातल्या पायपरिनमुळे शोषण बरंच वाढतं असं १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, पण गोळ्यांच्या जाहिरातींतले दावे अजून सिद्ध व्हायचे आहेत. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट १९९५ साली दिलं गेलं आणि १९९७ साली रद्द झालं, ती गोष्ट सर्वांना पाठ आहे.

[दृश्य: जेजुरी गड, सोमवती अमावास्या. दीपमाळा, पालखी, उधळण. आवाज काही क्षण मोकळा सोडावा.]

येळकोट येळकोट जय मल्हार! खंडोबाची पालखी कऱ्हेकडे निघालीय. भंडारा म्हणजे हळदीची पूड, कपाळाला लावायची, चिमूटभर तोंडातही टाकायची. पण सगळ्या पुड्यांत हळदच असते असं नाही. बनावट भंडाऱ्यानं अंगाला खाज, डोळ्यांना आग, ही तक्रार गडावर नवी नाही. पूजेची हळद म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांवर ‘खाण्यासाठी नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं.

[दृश्य: दोन बशा, दोन पुड्या, चुन्याचं बोट.]

चुनाही साबणासारखाच अल्कली. तो लावल्यावर डावीकडची पुडी लाल झाली. उजवीकडची पिवळीच राहिली, तिच्यात करक्युमिन नाही. पण लाल झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, थोड्या हळदीत दुसरा रंग मिसळलेला असू शकतो. त्यासाठी हा पाण्याचा पेला. चमचाभर पूड वरून सोडा, ढवळू नका. खरी हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग वरून घातलाय. हळदीत मिसळला जाणारा एक रंग म्हणजे लेड क्रोमेट, त्यात शिसं असतं, लहान मुलांच्या मेंदूला घातक. प्रयोगशाळेत तपासून घ्या.

आणि शक्य असेल तिथे पूड घेऊच नका. हळकुंड घ्या, मोडून बघा, मग दळून आणा.