साडी उलटून बघा

(ठाण्यात नौपाड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि ठाणेकर मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘पारंपरिक वस्त्रांचे डिजिटल संग्रह : जतन आणि प्रसार’. हा विषय आयोजकांचा. माझा त्याहून बराच लहान आहे. कापडाचा फोटो काढाल तेव्हा त्याची उलटी बाजूही काढा. एवढं सांगायला मी कळव्याहून आलोय, आणि रिक्षा मिळण्यात गेलेला वेळ माझ्या वेळेत धरू नये ही विनंती. (हशा)

हे खूळ नोकरीतलं. मी भिवंडीत ग्रे कापड तपासायचो. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, अजून न धुतलेलं न रंगवलेलं कापड, हे या सभागृहात सांगायला नको, प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी मागाशी नाहीतर गिरणीत होतंच. तपासणीच्या टेबलावर समोरून सगळंच कापड देखणं असतं. तुटलेला धागा, राहिलेली गाठ, हे पाठीमागे सापडतं. ती सवय जात नाही. लग्नाला गेलो की वधूच्या मावशीचा पदर हळूच उलटून बघतो. बायको म्हणते, निदान ओळख तरी करून घेत जा! (हशा)

तर एका संग्रहालयात गेलो होतो. नाव घेत नाही, तिथली मंडळी इथे बसलेली असू शकतात. काचेत जुनी पैठणी, खाली पाटी : ‘पैठणी. रेशीम व जर.’ संपलं. मी पहारेकऱ्याला म्हटलं, मागून बघता येईल का? तो म्हणाला, साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, अर्ज करा. अर्जात कारणाचा रकाना. मी लिहिलं, ‘उलटी बाजू पाहणे’. अर्ज परत, कारण पुरेसं नाही. मग लिहिलं ‘संशोधन’. लगेच मंजूर! (हशा, टाळ्या) गेलो, काच उघडली, आणि बघतो तर साडी प्लायवूडला डिंकानं चिकटवलेली. मी बघतच राहिलो. साहेब म्हणाले, काळजी करू नका, आमचा सगळा संग्रह डिजिटल झालाय. संगणकावर दाखवला. काचेतल्या त्याच साडीचा, काचेबाहेरून काढलेला फोटो. मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा, पदरावर संस्थेचा शिक्का, आणि मोठं करून बघावं तर मोराचे नुसते चौकोन. काचेत फोटो काढणारे गृहस्थ मात्र स्वच्छ दिसत होते. जतन झालंच असेल तर त्यांचं. (हशा)

हसू नका, म्हणजे हसा, पण नुकसान काय झालं ते बघा. हातमागाच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या आडव्या धाग्यानं, त्या त्या जागेपुरता, शेजारच्या रंगात अडकवून विणतात. म्हणून ती दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. औरंगाबादचं हिमरू याच्या उलट. त्यात नक्षीचे जादा धागे पाठीमागे मोकळे पसरलेले असतात, आणि त्याचा मऊपणा त्यांच्यामुळेच. इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा. दोन्ही फाशांनी एकमेकांत ओवतात, त्याला टोपे-तेनी म्हणतात. त्या जोडाचा जवळून काढलेला फोटो किती संग्रहांत असेल? सगळे पदर पसरून काढतात, जोडाजवळ कुणी जात नाही. मुखपृष्ठ स्कॅन करून पुस्तक जपलं म्हणण्यासारखं आहे हे.

आणि पुस्तकांच्या बाबतीत आपण शहाणे आहोत हो! याच गावात १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं. मार्को पोलोनं तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याचं वर्णन करताना इथल्या कापसाचा आणि कापडाचा व्यापार नोंदवलाय. पण कापड जपायचं म्हटलं की आपण बोहारणीला हाक मारतो. जुन्या जरीची लुगडी तर जाळून चांदी काढायला गेली. काहींच्या घरी त्या चांदीचं निरांजन असेल, त्याचा फोटो नको. (हशा)

कापडाची नोंद करायची कशी, हे कुणालाच कळत नव्हतं असंही नाही. १८६६ साली लंडनच्या इंडिया म्युझियमच्या फोर्ब्स वॉटसननं भारतीय कापडांचे ७०० नमुने कापून अठरा खंडांत लावले. असे वीस संच केले. तेरा ब्रिटनमध्ये, सात हिंदुस्थानात. हेतू सरळ होता. इथले लोक काय नेसतात ते मँचेस्टरवाल्यांनी बघावं आणि तसं विणून आपल्यालाच विकावं. हेतू वाईट, पण नोंद बघा. लांबी, रुंदी, वजन, ठिकाण. आज त्यातला एक संच इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या हॅरिस म्युझियमनं डिजिटल केलाय. ज्याला आपला धंदा घ्यायचा होता त्यानं वजनसुद्धा लिहिलं, आणि आपण लिहितो ‘रेशीम व जर’.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं, मग मुद्द्याचं भरभर सांगतो.

नेहमीचा आक्षेप असा की एवढे बारकाईचे फोटो सर्वांना खुले केले तर यंत्रमागवाले नक्कल करतील. मी त्याच बाजूचा माणूस, तर ऐका. नक्कल समोरच्या बाजूची होते आणि तिला मोबाईलवर आलेला एक फोटो पुरतो. ती आधीच झालेली आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्यानं ओळखता येत नाही. जकार्डवरच्या, म्हणजे नक्षी यंत्रानं विणणाऱ्या मागावरच्या, नकलेच्या पाठीमागे मात्र लोंबते नाहीतर कापलेले धागे दिसतात. अस्सल मालाची पाठ कशी असते ते खुल्या संग्रहात ठेवलंत, तर गिऱ्हाईक पदर उलटून स्वतः निवाडा करील. उलटी बाजू लपवून फायदा नकलेचाच होतो. हा माझा सगळा मुद्दा.

संस्थांसाठी : पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं संग्रहालयांकरता ‘जतन’ नावाची संगणक प्रणाली केलेली आहे. साधन नाही ही सबब आता चालत नाही. रकाने भरणारं माणूस नेमा, आणि ते माग ओळखणारं असू द्या. विणकर माहीत असेल तर त्याला विचारून त्याचं नाव टाका, देणाऱ्याचंच नको.

घरच्यांसाठी : खिडकीजवळ, फ्लॅश बंद. साडीशेजारी पट्टी ठेवा. काठ, पदर, जोड, रफू, सगळं दोन्ही बाजूंनी. कुणाची, कुठे घेतली, कशी नेसत, ते त्याच दिवशी लिहा. आणि मूळ फाईल ठेवा, मोबाईलवर फिरून आलेली नको.

रंग बरोबर कसे येतील हे राहिलं, धागे मोजायचं भिंग आणलंय तेही दाखवायचं राहिलं. ज्यांनी साड्या आणल्यात त्यांनी मागच्या टेबलाशी या. चहा आधी प्या, कप बाहेर ठेवा, हात पुसा, मग या.