कनिंगहॅम यांच्या माघारी

मंडळी, ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू आर्मरीत अमेरिकी नर्तक आणि नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांची डान्स कंपनी शेवटची नाचली. त्या अवाढव्य दालनात तीन मंच मांडले होते. तिकीट होतं १० डॉलर. कार्यक्रम संपला आणि त्याबरोबर १९५३ पासून चाललेली कंपनीही संपली, ठरवून.

हे ठरलं होतं कनिंगहॅम यांच्या हयातीत. जून २००९ मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांची योजना जाहीर झाली: माझ्यामागे दोन वर्षं दौरा करा, मग कंपनी बंद करा. जुलैत ते गेले. नर्तकांना पुढची वाट सापडेपर्यंत आधार मिळावा म्हणून पैशांची तरतूदही त्या योजनेतच होती. मी कथक शिकवते. गुरूंमागे शिष्यांचं आणि साथीदारांचं कसं होणार, हे आपल्याकडे कुणी लिहून ठेवल्याचं मला आठवत नाही. म्हणून ही तरतूद मला त्यांच्या एखाद्या नृत्याइतकीच मोलाची वाटते.

आता थोडं मागे जाऊ, कारण या गोष्टीत आपलाही एक धागा आहे. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. तिथे त्यांनी संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. केज हे कनिंगहॅम यांचे जन्माचे सोबती. पुढे १९५१ मध्ये कनिंगहॅम यांनी ‘सिक्स्टीन डान्सेस’ रचलं, ते आपल्या नवरसांवर! शेवटी शांत रस येणार एवढं नक्की होतं. बाकीच्यांत कुणामागे कोण, हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं. करुणामागे वीर का? नाणं तसं पडलं म्हणून. योगायोगाला रचनेत जागा द्यायची त्यांची रीत इथून सुरू झाली आणि अखेरपर्यंत टिकली.

नृत्य आणि संगीतही त्यांनी एकमेकांपासून मोकळं केलं. दोन्हींचा वेळ तेवढा सारखा. कित्येकदा नर्तक ते संगीत पहिल्यांदा ऐकत ते थेट प्रयोगाच्या रात्री. समेवर येण्यात जन्म घालवलेल्या माझ्यासारखीच्या पोटात हे ऐकून गोळाच येतो. १९६४ च्या जगदौऱ्यात ही मंडळी मुंबईतही नाचून गेली. तेव्हाच्या आपल्या प्रेक्षकांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

कंपनी गेली, पण नृत्यांची व्यवस्था त्यांनी लावून ठेवली होती. चित्रफिती, त्यांची टिपणं, प्रकाशयोजना, वेशभूषा हे सगळं एकेका नृत्यापुरतं एकत्र बांधून ठेवलं आहे. १६ एप्रिल २०१९ ला, त्यांच्या जन्मशताब्दीला, लंडन, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये मिळून ७५ नर्तक नाचले. प्रत्येक शहरात त्यांची १०० एकल नृत्यं झाली. शिकवायला त्यांच्या कंपनीतले जुने नर्तक होते. चित्रफितीत पाऊल दिसतं; वजन कुठल्या पायावर सोडायचं, ते कुणीतरी शेजारी उभं राहूनच दाखवावं लागतं.

परवा वर्गात मी नवरसांच्या चिठ्ठ्या केल्या आणि मुलींना उचलायला लावल्या. हास्यानंतर लगेच भयानक निघाला. एक मुलगी क्षणभर थांबली. चेहऱ्यावरचं हसू तिने पुसलं नाही, तसंच हळूहळू गोठू दिलं. मी तिला हे कधीच शिकवलं नव्हतं.